शेवटच्या गुरुवारच्या कुकीज

रविवार, २३ नोव्हेंबर

ही वही खरं तर पाककृती उतरवायला आणली होती. पहिल्या पानावर 'खारे शंकरपाळे' एवढंच लिहून थांबले. माझ्या पदार्थांना माप नाही, अंदाज आहे, आणि अंदाज काही लिहून देता येत नाही. तेव्हा आता इथे मनातलंच लिहिणार. घरात बोलायची सोय उरलेली नाही. काही बोललं की सत्यजीत म्हणतो, "आई, सोड ना." काय काय सोडू बाबा? अर्धा ओटा तर सोडलाच आहे.

त्या अर्ध्या ओट्यावर सूनबाईंचा ओव्हन बसलाय. रुचिराचं ऐरोलीचं ऑफिस ऑगस्टमध्ये बंद झालं आणि तिने ठरवलं, घरून कुकीज विकायच्या. बिस्किटं म्हणायचं नाही, कुकीज. तीन महिने झाले. सोसायटीतल्या बायका तोंडभर कौतुक करतात, एकदा घेतात, आणि पुन्हा आपली बेकरीची खारी आणतात.

आज जेवताना कळलं. पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली आहे. एकतीस डिसेंबरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तोवर कुकीजचं बस्तान बसलं तर ती इथेच राहणार, नाहीतर दोघं पुण्याला. सत्यजीतलाही तिकडे बदली मिळते म्हणे. सगळं आपापसांत ठरवून झाल्यावर मला सांगितलं. मी म्हटलं, "बरं." आणि ताक वाढलं.

ह्यांनी नवीन पनवेलला हे घर घेतलं तेव्हा समोर नुसतं गवत होतं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता ही दोघंही गेली तर मी या तीन खोल्यांत काय करू, भिंती पुसू? म्हणजे त्या कुकीज चालायलाच हव्यात. मला आवडोत न आवडोत.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. रुचिरा उपासाला तयार नव्हती. "आई, मला दिवसभर चव घेत काम करावं लागतं." मी स्पष्ट सांगितलं, या घरात लक्ष्मीचं व्रत सून चालवते. सासूबाईंनंतर मी चालवलं, ह्यांच्यामागे तुझ्या हाती दिलं. चार गुरुवार उपाशी राहिल्याने कोणी मरत नाही. तिने सत्यजीतकडे पाहिलं, त्याने मोबाइलकडे. झाला उपास.

तिची ती चव घ्यायची सवय तर मला बघवत नाही. पीठ मळलं की बोट तोंडात, चॉकलेट वितळलं की चमचा तोंडात. चमचा धुते, नाही असं नाही, पण शी! आमच्या सासूबाईंच्या राज्यात नैवेद्य झाल्याशिवाय ओट्यावरचा कण तोंडात जात नसे. आमटीला मीठ कमी असलं तर वाफेचा वास कच्चा येतो, गूळ जास्त पडला तर जड येतो. त्यांनी मला ते सगळं वासावर शिकवलं. तीच सवय रोजच्या स्वयंपाकातही लागली. चाळीस वर्षांत मी ढवळताना एकदाही चाखलं नाही, आणि 'दिघेकाकूंच्या हाताची चव' म्हणून सेक्टरभर नाव आहे. हिच्याकडे वजनकाटा आहे. मीठसुद्धा ग्रॅममध्ये.

रविवार, ३० नोव्हेंबर

दिवाळीत चार दिवस तापाने पडले होते. उठून बघते तर बाजारात चांगली वस्तूच मिळेनाशी झालीय. कोथिंबीर म्हणजे हिरवा पाला. उदबत्तीचा नुसता धूर. वेलदोडे सोलले तर आत काळे खडे, वास शून्य. वाण्याला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, काकू, नेहमीचाच माल आहे. यांना लाज म्हणून नाही.

आज सुनंदाशीही वाजलं. सुनंदा आमच्याकडे पंधरा वर्षं भांडी घासते, सुकापूरहून येते, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान असेल. फ्रिजमधून दुधीची भाजी काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "मावशी, ही आंबलीय. तुमाला वास नाय येत काय?" मी म्हटलं, तुझं काम भांड्यांचं आहे, भाज्यांचं नाही. तिने भाजी फेकून दिली. फाजील झालीय.

रुचिराने नवा प्रकार केला. चॉकलेट-पुदिन्याच्या कुकीज. फार सोपं आहे, उगीच इंग्रजी नावाने भ्यायला होतं. लोणी आणि पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसायची, मैदा, कोको, चिमूट मीठ, जरा बेकिंग पावडर, लागेल तसं दूध, अंडं नाही. गोळे दाबून बारा मिनिटं भाजायचे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पेपरमिंटच्या इसेन्सचे मोजून थेंब, आणि त्यात कुकी अर्धी बुडवून फ्रिजमध्ये ठेवायची. आपल्या नानकटाईलाच काळा फ्रॉक घातल्यासारखं.

सत्यजीतने पाच खाल्ल्या. मी एक खाल्ली. गोड माती. पुदिना औषधालाही नव्हता. मी तसं सांगितलं तर दोघं एकमेकांकडे बघायला लागली. "आई, पुदिना तर छान लागतोय," रुचिरा म्हणाली. लागत असेल तुम्हाला, तुम्ही एकमेकांच्या प्रेमात आहात.

बुधवार, ३ डिसेंबर

रिक्षा करून जुन्या पनवेलला गेले. काष्ठौषधीच्या दुकानातून पुदिनाफूल आणलं. काचेच्या सुयांसारखे पांढरे खडे असतात, पोटदुखीवर नि डोकेदुखीवर आम्ही लहानपणापासून वापरतो. बाटलीचं बूच काढलं आणि अहाहा! कपाळापर्यंत गार. डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी एक वस्तू अस्सल मिळाली. दुकानात उभी राहून मी दोनदा हुंगलं, तो माणूस हसायला लागला.

घरी येऊन रुचिराला म्हटलं, तुझा तो इसेन्स फेकून दे, हे घाल. तिने बाटली हातात घेतली आणि लांब धरली. "आई, हे फार जहाल असतं. औषधात चिमूटभर घालतात. खाण्यात नको, आणि मुलांच्या तर नकोच." मी म्हटलं, आम्ही काय विष खाऊन मोठे झालो? ती म्हणाली, "प्लीज, आई. यात घालू नका. मला वचन द्या." आता सून सासूकडून वचनं घेणार. मी बाटली माझ्या औषधांच्या डब्यात ठेवून दिली.

मंगळवार, ९ डिसेंबर

मोठी बातमी. करंजाड्याच्या एका बालवाडीत नाताळचा कार्यक्रम आहे, एकोणीस तारखेला. तिथल्या मिताली टीचरने रुचिराच्या चॉकलेट-पुदिन्याच्या कुकीज कुठेतरी खाल्ल्या आणि साठ मुलांसाठी पाकिटं सांगितली. एका पाकिटात तीन. आवडल्या तर दर महिन्याच्या वाढदिवसांचा खाऊ आमच्याकडूनच घेणार म्हणे.

रुचिरा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, हे जमलं ना, तर मी पुण्याला नाही म्हणून कळवून टाकते." आणि हसली. हसली की गालाला खळी पडते, लग्नानंतर पहिल्यांदाच नीट बघितली असेन. मी देवापुढे साखर ठेवली. तिच्यासाठी ठेवली की माझ्यासाठी, ते देवाला ठाऊक.

गुरुवार, ११ डिसेंबर

तिसरा गुरुवार. शिरा केला. सत्यजीतने एकदाच घेतला, पुन्हा मागितला नाही. रुचिराने पाणी पीत पीत संपवला. सुनंदा कढई घासताना म्हणते, "खाली कोळसा झालाय की वो." तुपावर रवा खरपूस भाजला की बुडाला थोडं लागतंच. या लोकांना खरपूस म्हणजे काय ते कोणी शिकवलेलंच नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

आज फार काम झालं, पाय भरून आलेत, पण लिहिते. दिवस चांगला गेला म्हणून लिहिते.

शेवटचा गुरुवार, उद्यापन, आणि उद्याच शाळेचा कार्यक्रम. सगळं एकाच दिवशी आलं. पाकिटं न्यायला मिताली टीचर चार वाजता येणार. रुचिरा म्हणाली, "आई, आजचा उपास नाही केला तर?" मी म्हटलं, तीन केलेस आणि उद्यापनाला मोडणार? ती नुसतं पाणी पिऊन पहाटेपासून भाजत होती.

दोन वाजता एकशे ऐंशी आणि वर थोड्या जादा कुकीज थाळ्यांत मांडून झाल्या. तिने चॉकलेट वितळवलं, थेंब मोजून घातले. चमचा तोंडाकडे नेला, आठवलं, आणि खाली ठेवला. मग मला म्हणाली, "आई, माझा उपास आहे. तुम्ही एवढी चव बघता का? नुसत्या मापावर माझा भरवसा बसत नाही." मी म्हटलं, लक्ष्मीला नैवेद्य गेलेला नाही, मी तोंडात घालणार नाही. वासावरून सांगते.

पातेल्यावर वाकले. काही नाही. नुसती ऊब. पुदिन्याचा मागमूस नाही. पण तिचा उतरलेला चेहरा बघून म्हटलं, "छान आहे." ती सवाष्णींसाठी विडे आणि पाकिटांच्या फिती आणायला खाली गेली.

मी एकटी त्या पातेल्याशी उभी राहिले. साठ मुलं खाणार, त्यांना पुदिना लागणारच नाही, मिताली टीचर म्हणेल, त्या दिवशीसारख्या नाहीत. मग काय, पुणे. मी औषधांच्या डब्यातून बाटली काढली. चमचाभर खडे कुटून चॉकलेटमध्ये विरघळवले. वाकून बघितलं, अगदी बेताचं. वर आणखी थोडं घातलं. तेव्हा कुठे कपाळापर्यंत गार आलं. आता कसं! रुचिरा वर येईपर्यंत मी शंभरेक कुकीज बुडवून थाळ्या फ्रिजमध्ये सरकवल्या होत्या.

तिने दारातच विचारलं, "आई, वास जरा उग्र येतोय का हो?" मी म्हटलं, "उपाशीपोटी सगळंच उग्र वाटतं. शिवाय घटाजवळ कापूर लावलाय." ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय ना, मग ठीक आहे." उरलेल्या आम्ही दोघींनी मिळून बुडवल्या. पाकिटं बांधताना तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही नसतात तर मला आज जमलं नसतं."

चार वाजता पाकिटं गेली. मोडक्या चार सुनंदाला दिल्या. संध्याकाळी सवाष्णी जेवल्या, रुचिराने दोन घास खाल्ले आणि डोकं धरून झोपली. मला ही मुलगी हळूहळू आवडायला लागलीय की काय, कोण जाणे.

शुक्रवार, १९ डिसेंबर

अकरा वाजता शाळेचा फोन आला. रुचिरा चप्पल घालून तशीच धावली.

मुलांची तोंडं भाजल्यासारखी झाली म्हणे. सगळी एकदम रडायला लागली, डोळ्यांतून पाणी, कोणी थुंकतंय, कोणी बाईंना चिकटतंय. एक चार वर्षांचा मुलगा ओकला आणि त्याला खोकल्याची उबळ थांबेना. त्याला डॉक्टरांकडे नेलं. दुपारी बरा झाला, घरी सोडला. बरा झाला, हे आधी लिहायला हवं होतं.

सुनंदा सकाळी म्हणालीच होती, "मावशी, ते बिस्कुट तोंडात धरवं नाय. बाम खाल्ल्यावानी." मी तिला म्हटलं होतं, तुम्हाला सवय नाही.

रुचिरा तीन वाजता परत आली. पालकांची माफी मागून आली. "माझं माप चुकलं," असं सगळ्यांसमोर सांगितलं तिने. त्या बायका काय काय बोलल्या असतील. आल्या आल्या ती स्वयंपाकघरात गेली. चॉकलेटचं पातेलं कालपासून तसंच पडलं होतं, आत उरलेलं बघून सुनंदाने घासायला घेतलं नव्हतं. त्यात बोट फिरवून तिने तोंडात घातलं आणि सिंकवर वाकून बराच वेळ उभी राहिली. रडतेय असं मला वाटलं. मी बाहेरच थांबले.

एका चमच्याने एवढं होईल? वास तर बेताचाच होता. तिचा इसेन्सच जास्त पडला असणार. उपाशीपोटी थेंब मोजताना चुकली असेल. मीच दोनदा नीट हुंगलं होतं.

रविवार, २१ डिसेंबर

मार्गशीर्ष संपला. आज अख्ख्या बिल्डिंगमध्ये मासळी. मी जेवणघरात टेबलाशी तांदूळ निवडत बसले होते, स्वयंपाकघराकडे पाठ करून. सत्यजीत बाहेरून आला आणि दारातूनच ओरडला, "काय सुरमई तळलीय! जिन्यापर्यंत वास येतोय." मी म्हटलं, "शेजारी असेल. रुचिरा, तू कधी करायला घेतेस?"

मान वळवून बघितलं तर रुचिरा शेगडीशी झारा घेऊन उभी. अर्धी सुरमई तळून ताटात निथळत होती. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मला त्या बघण्याचा अर्थ लागला नाही. मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं." ती म्हणाली, "हो, आई." आणि तुकडा उलटला.

सोमवार, २२ डिसेंबर

दोघं बाहेर गेल्यावर हिंगाचा डबा काढला. डोळे मिटले, नाकाशी धरला. काही नाही. वेलदोडा, कापूर, सुक्या बोंबलांची पिशवी, फिनेल. डोळे मिटले की सगळं एकच. पुदिनाफूल उघडलं. गार लागलं. नुसतं गार. त्याला वास नाही, ते फक्त झोंबतं. मी झोंबण्याला वास समजत होते.

वाणी खरा होता. सुनंदा खरी होती. दुधी, शिरा, देवाने किती दिवस काय काय खाल्लं असेल माझ्या हातचं. आणि ती साठ मुलं. मी, आशालता दिघे, चमचाभर आणि वर थोडं.

मी खूप रडले. लिहायला लाज वाटते, पण त्या मुलांसाठी नाही रडले. ओट्यावर आता मला कोण उभं करेल, म्हणून रडले.

उद्या रुचिराला सांगणार आहे.

बुधवार, २४ डिसेंबर

नाही सांगितलं. काल ती भांडी लावत होती, मी सुरुवात करणार तेवढ्यात तिनेच विचारलं, "आई, तुम्ही तर माझ्या शेजारीच होतात. माझं कुठे चुकलं असेल हो?" अगदी शांतपणे. आता असं विचारल्यावर माणूस कसं सांगणार? मी म्हटलं, "होतं असं कधीकधी, उपासाने लक्ष राहत नाही." ती म्हणाली, "हं." आणि पुन्हा ताटं लावायला लागली.

औषधांच्या डब्यात मी बाटली उभी ठेवली होती, ती आडवी पडलेली दिसली. माझाच धक्का लागला असेल.

रविवार, २८ डिसेंबर

ही मुलगी आताशा माझ्या मागे मागे का असते कळत नाही. पूर्वी ओव्हनपाशी असायची, आता मी चहा टाकला तरी शेजारी येऊन उभी. ओव्हन तर तिने त्या दिवसापासून लावलेला नाही. आज म्हणते, "मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचंय, सर्दी हटत नाही. सोबत येता का? तुम्हीही दाखवून घ्या, दिवाळीत ताप होता." हिला मी आठवडाभरात एकदाही शिंकताना पाहिलं नाही. मी म्हटलं, "तुझी सर्दी, मी कशाला?" ती गेलीच नाही मग.

सत्यजीत तिला समजावत होता, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस, माप कोणाचंही चुकतं." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मला कळत नाही ना पण, चुकलं कसं." मी उठून देवघरात गेले. सांगितलं तर आधी काय होईल? सत्यजीत ओट्यावरून हाकलेल. मग सोसायटीत कळेल. दिघेकाकूंनी मुलांना बाम खाऊ घातला. चाळीस वर्षांचं नाव एका दुपारी जाईल. तिचं काय, तिचं वय आहे, ती विसरेल.

बुधवार, ३१ डिसेंबर

सकाळी चहा घेताना रुचिरा म्हणाली, "आज पुण्याला कळवायचंय. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. त्याआधी तुम्हाला काही बोलायचंय का माझ्याशी?"

म्हणजे माझी परवानगी हवी. उद्या लोकांनी विचारलं तर सांगायला बरं, सासूबाईच हो म्हणाल्या. मला राग आला. मी म्हटलं, "मी काय बोलणार? तुमचं तुम्ही ठरवलेलंच असतं."

दुपारी मी पडले होते तेव्हा ती एकदा दारात येऊन उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले. पाच वाजता तिने सत्यजीतला फोनवर सांगितलं, हो कळवलं म्हणून.

शनिवार, १० जानेवारी

गेली. टेम्पो सकाळी नऊला आला. ओव्हन ठेवून गेली. "तुम्हाला लागला तर," म्हणाली. मला कशाला लागतोय?

जाण्याआधी तिने माझे सगळे डबे काढून प्रत्येकावर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि फ्रिजवर एक कागद, भाजी कुठल्या दिवशी केली ते लिहायला. सत्यजीतने शेगडीच्या वर एक डबी बसवून दिली, गॅस गळला तर ओरडते म्हणे. मी म्हटलं, मला काय म्हातारी समजता का? कुठली तरी जाहिरात बघून आणली असेल. रुचिरा सुनंदालाही बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी सांगत होती. पगाराचं असेल.

निघताना वाकली. मी म्हटलं, "तिथे तरी जमव नीट." माझ्या तोंडाला काय आग लागली होती कोण जाणे. ती म्हणाली, "प्रयत्न करीन. तुमच्यासारखी चव नाही माझ्या हाताला." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. टेम्पो वळेपर्यंत वेळ होता.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. महिला मंडळाच्या बायका आल्या होत्या. म्हणाल्या, सून गेली, बरं झालं हो, तुमचा ओटा तुम्हाला परत मिळाला. त्या कुकीजचं ऐकलं आम्ही, आजकालच्या मुलींना कुठलं जमायला. मी तिळगूळ दिला. एकीने लाडू तोंडात घातला आणि हळूच पदराआड केला. मी बघितलं.

रविवार, १८ जानेवारी

आज फोन केला. सकाळपासून तीनदा हातात घेऊन खाली ठेवला होता. तिनेच उचलला. तिने "बोला आई" म्हणायच्या आत मी एका दमात सांगून टाकलं. "त्या गुरुवारी चॉकलेटमध्ये पुदिनाफूल मी घातलं. चमचाभर आणि वर थोडं. तुझं माप बरोबर होतं. मला दिवाळीपासून कसलाच वास येत नाही."

मग म्हटलं, "ऐकतेयस ना?"

"मला माहीत आहे, आई."

"कधीपासून?"

"पुदिनाफुलाचं त्याच दिवशी. पातेल्यातलं बोटावर घेतलं तेव्हा. वासाचं त्या रविवारी, सुरमई तळताना."

मी खुर्चीवर बसले. म्हटलं, मग बोलली का नाहीस? भांडायचंस, चार शब्द सुनवायचेस, सत्यजीतला सांगायचंस.

"त्याला अजूनही सांगितलेलं नाही. नुसतं गॅसची डबी बसवायला सांगितली." मग म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. रोज वाटायचं, आज सांगतील. म्हणून तर शेजारी येऊन उभी राहायची. एकतीसला पाच वाजेपर्यंत थांबले, आई. शाळा गेली तर गेली, मी पुन्हा सुरू केलं असतं. तुम्हाला वास नाही तर मी चव घेतली असती, तुम्ही हात लावला असतात. पण मी तुमच्यासमोर रोज स्वतःला दोष देत होते आणि तुम्ही बघत होतात."

मी म्हटलं, "अगं, आता सांगितलं ना."

"हो," ती म्हणाली. "आता मी नोकरीवर रुजू झालेय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला मला उत्तर देता येतं. मागे सत्यजीत विचारत होता, कोणाचा फोन, आणि ती म्हणाली, आईंचा, सहज केलाय. अजूनही माझं झाकतच होती.

शेवटी तिने विचारलं, "जेवलात का?" मी म्हटलं, "हो, आत्ताच." मग फोन ठेवला, उठले आणि अर्धी वाटी तांदूळ धुवायला घेतले.